न कळता म्हटलेलं आमेन

१

गावात मला आमेन मिस्त्री म्हणतात. नाव काही कौतुकानं पडलेलं नाही. आमचे पाळकसाहेब चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहिले की आटपतच नाहीत. आकाश झालं, पृथ्वी झाली, राजे झाले, अधिकारी झाले, तरी गाडी काही मुक्कामाला येत नाही. मग मी मागच्या बाकावरून जोरात म्हणायचो, "आमेन!" सगळी मंडळी हसत हसत मागून आमेन म्हणायची आणि पाळकसाहेबांना खाली बसावं लागायचं. एकदा बाहेर गाठून मला म्हणाले, "मिस्त्री, माझी प्रार्थना वाटेतच असते आणि तुझं आमेन वर पोचलेलं असतं."

"मग बरंच की साहेब," मी म्हटलं, "तुमची जागा धरून ठेवतं."

काम माझं गिलाव्याचं. शाळा चौथीत सोडली, तीही मास्तरांशी भांडून. डोकं गरम आहे, ते मी लपवत नाही. भिंत वाकडी दिसली की समोर मालक असू दे नाहीतर इंजिनियर, तोंडावर सांगतो. लोक शिव्या देतात आणि परत मलाच बोलावतात.

त्या साली मंडळीत निरोप आला. परदेशात एका गावी पुरानं शाळा आणि दवाखाना खराब झालाय, सेवा म्हणून काम करायला हातात कसब असलेली माणसं पाहिजेत. राहायचं तिथल्याच ख्रिस्ती कुटुंबात. पाळकसाहेबांनी थेट माझ्याकडे बघितलं. बहुतेक त्यांना थोडे महिने मनासारखी प्रार्थना करायची होती.

बायको म्हणाली, "जावा की. मागची भिंत इतकी वर्षं तशीच आहे, अजून थोडी राहील." आमच्या घराची मागची भिंत. गावाच्या भिंती गुळगुळीत करणाऱ्या मिस्त्रीच्या स्वतःच्या घराला मागून विटा दिसतात, हा तिचा रोजचा टोमणा. पोरगी लहान आहे, तिला मी चिमणी म्हणतो. ती म्हणाली, "विमानातून हात हलवा, मी बघते." मी हलवला. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं बघ, तुझ्या बापाचं काय जातंय.

२

मला ज्या घरात ठेवलं तिथे तीन माणसं. म्हातारा पूर्वी बस चालवायचा. आता घरी बसून असायचा, पण खुर्चीत बसला तरी उजवा पाय पुढे, ब्रेकवर ठेवल्यासारखा. त्याची मुलगी बेकरीत कामाला. लग्न झालेलं नव्हतं, केसांत कायम पिठाची पूड. आणि म्हातारी. तिला घरातले जो शब्द वापरायचे त्याचा अर्थ आई, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून मीही तोच वापरायला लागलो. बाकी त्यांची भाषा म्हणजे माझ्या कानाला नुसती खडी ओतल्याचा आवाज. आमचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं.

घर अरुंद, उभं. खाली स्वयंपाकघर आणि जेवायचं टेबल, वर दोन खोल्या. जिन्याची तिसरी पायरी कुईकुई करायची. टेबलाला चार खुर्च्या. माझ्यासाठी कुठून उसनी आणलेली नव्हती, चौथी तिथेच होती. तिच्यावरची उशी मधोमध दबलेली.

मला वरची मागची खोली दिली. लोखंडी पलंग, लाकडी कपाट, दाराशी खुंटी. मी डावरा आहे. जगातल्या सगळ्या खुंट्या उजव्या हाताच्या माणसांनी ठोकलेल्या असतात, मला कायम वळून शर्ट अडकवावा लागतो. इथे शर्ट काढला, हात लांब केला, शर्ट खुंटीवर. बरं वाटलं. पुढे विचार केला नाही. भिंतीवर जागोजागी चौकोन दिसत होते, फिकट. फोटो काढून घेतले की रंग असा उरतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तर खिडकीतून तिरपं ऊन भिंतीवर पडलं होतं. गिलाव्याचा माणूस तिरप्या उन्हात भिंत बघतो, सवय असते. खोड तिथेच दिसते. भिंत जुनी, रंगावर रंग चढलेले. पण खालचा हात दिसत होता. थापी फिरवल्याच्या कमानी सगळ्या डावीकडून उजवीकडे. डावऱ्याचा हात. आणि काम चोख, अगदी मी केल्यासारखं.

मला मजा वाटली. गुडघ्यावर बसून खालच्या कोपऱ्याकडे बघत गेलो.

आता हे सांगायला पाहिजे. माझ्या बापानं मला काम शिकवलं. तो म्हणायचा, भिंत पुरी झाली, ओली आहे, की खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबायचा. मालकाला दिसत नाही, देवाला दिसतो. मी आजवर एकही भिंत अंगठ्याशिवाय सोडलेली नाही. आणि माझा डावा अंगठा फरशी कापायच्या मशीननं एकदा तिरपा चिरला होता. त्यामुळे माझ्या ठशात एक तिरपी रेघ उमटते.

त्या कोपऱ्यात ठसा होता. त्यात तिरपी रेघ होती.

मी अंगठा टेकवला. कुलपात किल्ली बसावी तसा बसला.

उठलो, पाणी प्यालो. स्वतःलाच झापलं. अरे गाढवा, रंगाला तडा गेलाय. अंगठे काय तुझ्या एकट्यालाच आहेत? डावरे मिस्त्री काय तुझ्याच घराण्यात जन्मतात? सगळं पटलं. तरी पलंग सरकवून तो कोपरा झाकून टाकला.

३

काम चांगलं होतं. शाळेच्या भिंतींनी पाणी पिऊन पोट फुगवलं होतं. सगळा जुना माल खरवडून नवा गिलावा करायचा. आमच्या गटात बाकी सगळे दुसऱ्या भाषांचे. आपली भाषा बोलणारी एकच, दवाखान्यातली नर्सबाई. ती तिथे बरीच वर्षं सेवेत होती, तिथली भाषा पाण्यासारखी बोलायची. आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट.

"मिस्त्री, जरा हळू ओरडा. पेशंट उठून पळायला लागलेत."

"मग बरे झाले म्हणायचे. तुमच्या गोळ्यांनी उठत नव्हते."

"घरी पण असंच बोलता? बायको नांदते कशी?"

"तिचं डोकं माझ्यापेक्षा गरम आहे. आमच्याकडे चूल पेटवायला काडी लागत नाही."

दिवस असा जायचा. संध्याकाळी घर. पाव, वाफाळता पातळ रस्सा, आणि जेवणाआधी प्रार्थना. चौघांनी हात धरायचे. प्रार्थना म्हातारी करायची. आमच्याकडे डोळे मिटतात, ती उघडे ठेवायची. आवाज एकदम खालचा, पाळण्याशी बोलल्यासारखा. बोलताना बघायची माझ्याकडे.

पहिल्या संध्याकाळी मला एक अक्षर कळलं नाही. पण शेवटी ती थांबली आणि म्हणाली, आमेन. अख्ख्या परदेशात माझ्या ओळखीचा हा एकच शब्द! गर्दीत गाववाला भेटावा तसं झालं. मी आपल्या सवयीनं दणकून म्हटलं, "आमेन!"

मुलीच्या हातातला चमचा पडला. म्हाताऱ्याचा ब्रेकवरचा पाय मागे आला. म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि रडायला लागली. मला वाटलं, पाहुण्यानं साथ दिली म्हणून भरून आलं असेल. मग तिनं ताट माझ्याकडे सरकवलं आणि दोन शब्द बोलली. भाषा कळली नाही तरी अर्थ कुठल्याही घरात तोच असतो.

माझी आई मला मिसरूड फुटायच्या आधीच गेली. मी रागावून उंबऱ्यावर बसलो की ती मिनतवारी करायची नाही. नुसतं म्हणायची, "जेव. गार होतंय." तेवढ्यानं माझा राग जायचा. ती गेल्यावर मला कुणी तसं म्हटलं नाही. बायको म्हणते, "जेवायचं तर जेवा नाहीतर झाकून ठेवते." तीही मायाच आहे, पण वेगळी.

त्या रात्री मी पोटभर जेवलो. रोज आमेन म्हणायला लागलो. दणकून.

४

घरी फोन करायचो. आमच्याही घरी संध्याकाळची प्रार्थना असते. बाहेरगावच्या माणसाचं नाव घेऊन मागायचं, ही पद्धत. बायको सांगायची, "चिमणी स्वतः मागते तुमच्यासाठी. म्हणते, प्रभू, बाबांना विमानात बसव आणि खिडकी दे."

फोनवर चिमणीचा पहिला प्रश्न ठरलेला. "कधी येणार?"

मी सांगायचो, येतो. ती विचारायची, "म्हणजे उद्या?"

मग एकदा तिनं विचारलंच नाही. शेजारच्या शेळीला पिलू झालं ते सांगत बसली. पुढच्या वेळीही नाही. मी बायकोला म्हटलं, "पोरगी विसरली का मला?"

"विसरेल कशी? खेळात असते."

"प्रार्थनेत नाव घेते ना?"

बायकोनं आधी चिमणीला बाहेर खेळायला पिटाळलं. मग म्हणाली, "अहो, खरं सांगू? हल्ली राहूनच जातं. आमेन म्हटल्यावर आठवतं. वाटतं, सगळे घरीच तर आहेत."

माझं टाळकं सरकलं. काय वाटेल ते बोललो. ती पण बोलली. फोन आपटला, काच तडकली. वर खोलीत जाऊन पलंगावर बसलो तर पलंग भिंतीपासून सरकलेला. कोपरा उघडा. म्हातारीनं झाडलं असेल. घर झाडतात, माणसं पलंग सरकवतात. मी परत ढकलला.

इकडे दुसरंच सुरू झालं होतं. बाजारात पाववाला, न्हावी, पुलावरचा पहारेकरी मला एका नावानं हाक मारायला लागले. आधी मी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं की हाक आली आणि मी वळून बघितलं. आणि कामावर मुकादमानं माल कालवायला सांगितलं, मी कालवला, आणि मग थबकलो. त्यानं हातवारे केलेच नव्हते.

शिकलो असेन. ऐकून ऐकून पोपट पण शिकतो. पण पोपटाला आपलं शिकणं आठवत असेल. मला एकही शब्द शिकल्याचं आठवत नव्हतं.

५

नर्सबाईला एकदा मी जेवायला घेऊन आलो. म्हातारीला आनंद झाला, तिनं पाचवं म्हणून स्टूल ओढलं. हात धरले. प्रार्थना सुरू झाली. नर्सबाईचा हात माझ्या हातात होता. मध्येच तो गार पडला. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं, माझं नेहमीप्रमाणे सगळ्यात वर. नर्सबाईचे ओठ हलले नाहीत.

जेवण होईपर्यंत ती गोड बोलली. मी पोचवायला निघालो तशी पायरीवरच थांबली.

"मिस्त्री, तुम्ही रोज याला आमेन म्हणता?"

"मग काय मुक्यासारखा बसू? परक्या घरी प्रार्थनेला साथ द्यावी, एवढं वळण आहे मला."

"ती काय मागते, विचारलंत कधी?"

"प्रार्थनेत काय मागतात? सुख, शांती, दुखणं नको."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ती म्हणते, या खुर्चीत बसलाय तो आमचा होऊ दे. आणि याच्या घरची जागा रिकामी राहायला नको, म्हणून आमचा तिकडे जाऊ दे."

"आमचा कोण?"

"मुलगा होता त्यांना. भिंतींची कामं करायचा."

"मेला?"

"ते कुणी बोलत नाही. होता म्हणतात, एवढंच."

मी हसलो. राग आला की मला कधीकधी हसू येतं. "बाई, पोरगं गेलेली आई आहे. काहीही मागेल. दुःखाला का व्याकरण असतं?"

"नसतं. पण मिस्त्री, आमेन म्हणजे काय?"

हे मला चौथीच्या आधीपासून येत होतं. "तसंच होवो."

"मग? ती एकटी मागत नाहीये."

"म्हणजे काय होणार आहे?"

"मला काय विचारता? मी नर्स आहे," ती म्हणाली आणि चपला वाजवत निघून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी मी ठरवून बसलो. तोंड उघडायचं नाही. प्रार्थना झाली. यावेळी तिचं मला सगळं कळलं, शब्दनशब्द. नर्सबाई खोटं बोलली नव्हती. तिघांनी आमेन म्हटलं आणि माझ्याकडे बघत बसले. कुणी चमच्याला हात लावेना. वाफ कमी झाली. रश्श्यावर साय धरली. मुलगी पहाटेपासून भट्टीसमोर उभी राहून आलेली, तिच्या पोटातला आवाज मला ऐकू आला. म्हाताऱ्याचा पाय हळूहळू पुढे गेला. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मी जिंकलो असतो, भांडणात मला कोण हरवणार? ते नुसते थांबले होते. जसं बाहेर गेलेल्या माणसासाठी थांबतात.

शेवटी मी म्हटलं. एकदम हळू.

हळू म्हटलं म्हणून काय वर कमी मोजून घेतात?

६

परत जायचा दिवस आला. नर्सबाईचीही सेवा संपली होती, ती आमच्याच बसनं निघणार होती. मी आदल्या दिवशी बॅग भरून खाली दाराशी ठेवली. पासपोर्ट आतल्या कप्प्यात, चिमणीसाठी घेतलेली चाकाची लाकडी बदकं वर.

सकाळी उतरलो तर बॅग नाही. म्हातारी म्हणाली, "गेली पुढे." मला वाटलं म्हाताऱ्यानं बसमध्ये टाकून दिली, जुना बसवाला आहे, ओळखी असतात. तिनं नाश्ता वाढला. परत वाढला. मी उठलो की खांद्यावर हात ठेवून बसवायची. मलाही घाई करवेना. खरं सांगतो, तिच्या हाताला माझ्या आईच्या हातासारखा वास यायचा. राख आणि साबण.

म्हातारा मला सोडायला आला. चौकात पोचलो तर बस सुरू झालेली. मी धावलो. पत्र्यावर थाप मारली, जोरात, डाव्या हातानं. बस थांबली नाही, पण वळणावर हळू झाली आणि माझ्या शेजारून गेली.

नर्सबाई खिडकीजवळ नव्हती, आतल्या बाजूला होती. बोलत होती, हसत होती. शेजारी खिडकीला डोकं टेकून एक माणूस झोपला होता. अंगात माझा निळा शर्ट. मांडीवर लाकडी बदकं, त्यांच्यावर डावा हात. चेहऱ्यावर उन्हाची तिरीप होती, मला नीट दिसला नाही. नीट दिसला नाही, असंच मी म्हणतो.

नर्सबाईनं बाहेर बघितलं. माझ्याकडे. रस्त्यावरच्या कुणालाही बघून हसतात तशी हसली आणि हात हलवला.

म्हाताऱ्यानं माझ्या कोपराला धरलं. "चल," तो म्हणाला. "आई वाट बघत असेल."

मी त्याला झटकलं आणि सेवेच्या कचेरीत गेलो. टेबलामागे बाई होती. मी मूठ आपटून ओरडलो, की माझी माणसं गेली, माझा पासपोर्ट गेला, मी कोण आहे माहीत आहे का. ती म्हणाली, "माहीत आहे की. बसवाल्यांचा मुलगा. तुमचा पाहुणा नीट गेला ना?"

बाहेर आल्यावर मला उमगलं. तिनं उत्तरं दिली होती. म्हणजे मी तिच्याच भाषेत ओरडत होतो.

७

फोन लावायला धीर होत नव्हता. मग एका दुपारी लावला.

"कोण?" बायको.

"अगं, मी."

"मी कोण?"

आपले शब्द मला शोधून काढावे लागत होते, गोणीच्या तळातून खिळे काढावेत तसे. मी म्हटलं, "मी, तिकडून... परदेशातून."

"अगंबाई! तुम्ही त्यांच्या तिकडच्या घरातले का? हे सारखं सांगत असतात तुमच्याबद्दल. आमची भाषा किती छान बोलता हो तुम्ही! पोचले बरं का हे नीट. आई कशा आहेत? रडतात का अजून?"

मी काय बोललो आठवत नाही. काहीतरी बोललो असेन, कारण ती हसत होती. तिचं तसं हसू मी लग्नाच्या वर्षी ऐकलं होतं.

"आल्या आल्या मागची भिंत काढली बघा कामाला. मी म्हटलं सूर्य पश्चिमेला उगवला. आणि डोकं तर इतकं शांत झालंय! तुमच्या आईंच्या हातचं खाल्ल्याचा गुण."

मागे चिमणीचा आवाज आला. बदकांची चाकं फरशीवर कडकड करत होती. ती कुणाला तरी सांगत होती, "धरा ना, पकडा ना!" आणि कुणीतरी तिच्यामागे धावत होतं. मी कधी धावलो नव्हतो असं नाही. पण माझं धावणं संपायचं तेव्हा तिचं खेळणं संपलेलं नसायचं. हा थांबत नव्हता.

मी म्हटलं, "वहिनी..." माझ्या तोंडून माझ्या बायकोला वहिनी निघालं. "भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात काही आहे का बघता?"

ती गेली आणि आली. "आहे की. अंगठा. यांची सवयच आहे ती. तिरपी रेघ पण आहे त्यात." मग फोनपासून तोंड फिरवून म्हणाली, "अहो! तुमचाच फोन आहे!"

लांबून आवाज आला, "कुणाचा गं?"

माझा आवाज. खरबरीत कडा काढून गुळगुळीत केलेला.

"बोलता ना त्यांच्याशी?" तिनं मला विचारलं.

मला चिमणीला एकच विचारायचं होतं, की तू विचारत नाहीस का आता, कधी येणार. पण ती कशाला विचारेल. मी फोन ठेवला.

८

त्या संध्याकाळी टेबलाशी बसलो. हात धरले. म्हातारी सुरू करणार, तेवढ्यात मी म्हटलं, "आज मी."

आणि आपल्या भाषेत प्रार्थना केली. शब्द निसटत होते, तरी सोडले नाहीत. म्हटलं, प्रभू, मला माझ्या घरी पाठव. त्याला त्याच्या आईकडे पाठव. कुणाचं माणूस कुणाकडे ठेवू नकोस. बायकोचे टोमणे मला ऐकू दे. चिमणीमागे मी धावेन, दम लागला तरी. येशूच्या नावानं मागतो, आमेन.

आणि थांबलो. आमचे पाळकसाहेब कितीही लांबण लावोत, एक गोष्ट बरोबर सांगायचे. एकट्यानं मागणं आणि दोघांनी एकचित्त होऊन मागणं यात फरक आहे. दोघं पाहिजेत. मी इतके दिवस यांना तो दुसरा दिला होता, न कळता. आता यांनी मला द्यावा. न कळता का होईना.

मुलीनं मान खाली घातली. म्हाताऱ्याचा पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहिला. म्हातारी माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नाही, भीती नाही. कुणी आमेन म्हटलं नाही.

तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "जेव," ती म्हणाली. "गार होतंय."

कुठल्या भाषेत म्हणाली, ते मला आजही सांगता येणार नाही. आवाज कुणाचा होता ते सांगता येईल, पण सांगत नाही.

मी जेवलो. लाज वाटते, पण जेवलो. इतकी वर्षं त्या दोन शब्दांची भूक होती.

अजून रोज इथेच असतो. दिवसा भिंती करतो, कोपऱ्यात अंगठा दाबतो. खोलीतल्या फिकट चौकोनांवर म्हातारी एकेक करून फोटो परत लावतेय. मी बघत नाही, शर्ट अडकवतो आणि भिंतीकडे पाठ करून झोपतो. संध्याकाळी तिची प्रार्थना झाली की मी माझी करतो, आपल्या भाषेत, मोठ्यानं, आणि शेवटी जागा सोडतो. तिघं वाट बघतात. मी वाट बघतो. मग ताट पुढे येतं.

दर खेपेला एखादा शब्द कमी पडतो. काल बदक आठवेना. म्हणून आहेत तोवर हे सगळं सांगून ठेवलं.

तुम्हाला ही भाषा कळते. इथवर ऐकलंत म्हणजे मी काय मागतोय तेही कळलंय. मी जाईन तर त्याला यावं लागेल, आणि तिकडे चिमणी हसतेय. ते सगळं नीट ध्यानात घ्या. माझ्यासारखं न कळता म्हणू नका. पण कळून म्हणावंसं वाटलं, तर तो एक शब्द म्हणा.

मी थांबतो. गार झालं तरी चालेल.